अनध्यायाचे खेळ

करोनाची ती दोन वर्षं संपून शाळा पुन्हा भरायला लागल्या, तेव्हा माझी मुलगी तेरा वर्षांची होती आणि तिला खेळता येत नव्हतं. तिला धावता येत होतं, गॅसवर चहा करता येत होता, फोनवर नको ते सगळं करता येत होतं. पण चार मुलांत उभं राहून, कोणाच्या तरी अंगावर ओरडून, हरून, रुसून पुन्हा खेळायला यायचं कसं, हे ती विसरली होती. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीतल्या बाकी मुलांचंही तेच. संध्याकाळी जो तो आपापल्या छतावर बसलेला. मध्ये बोळ एवढा अरुंद की या छतावरून त्या छतावर हात लावता येईल, तरी मुलं एकमेकांना मेसेज पाठवायची.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन बनारसला आले. सासरची माणसं इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली, घरात मराठी बोलणारी. पण ती मराठी उंबऱ्यापुरती. पायात चप्पल घातली की हिंदी सुरू. लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते आणि कॉलेजात खो-खो खेळले होते. इथे आल्यावर दोन्ही सुटलं. नवरा विद्यापीठाच्या कार्यालयात. त्यांचं म्हणणं, "घरात काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं.

एक दिवस मुलगी म्हणाली, "आई, मला बोर होतंय यार."

"छतावर जा."

"छतावर बंदर बसलेत. आणि तिथे जाऊन करू काय?"

तेव्हा मी उठले आणि आमच्या चुलत सासऱ्यांकडे गेले. गल्लीच्या टोकाला मराठी यात्रेकरूंसाठी बांधलेली एक जुनी धर्मशाळा आहे. आता तिथे कोणी उतरत नाही, सगळ्यांना एसी लागतो. पण तिचं अंगण मोठं, दगडी, आणि माकडं येऊ नयेत म्हणून वर लोखंडी जाळी टाकलेली. चुलत सासरे तिथल्या समितीचे अध्यक्ष. मी म्हटलं, "काका, रविवारी संध्याकाळी मुलांना अंगणात खेळवू का?" ते खूश झाले. "अगं, अवश्य! आपली संस्कृती टिकेल."

मला संस्कृती टिकवायची नव्हती. मला पोरीला घराबाहेर काढायचं होतं. पण किल्ली मिळाली, म्हणून मान हलवली.

पहिल्या रविवारी दहा-बारा मुलंमुली आली. अकरा ते चौदा वर्षांची. हे वय खेळवायला सगळ्यात अवघड. लहान पोरांना सांगितलं की ती पळतात. मोठी पोरं आधी एकमेकांकडे बघतात. आपण वेडे दिसू का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. भिंतीला टेकून उभी होती सगळी. मी सात चपट्या फरश्या एकावर एक ठेवल्या आणि चेंडू काढला. एकजण म्हणाला, "अरे, ये तो पिट्ठू है." दुसरी म्हणाली, "आमच्या आजोळी याला लगोरी म्हणतात." त्यावरून भांडण लागलं, आणि भांडता भांडता केव्हा खेळायला लागली ते त्यांनाही कळलं नाही.

मग मला युक्ती सापडली. या वयाच्या मुलांना नुसती धावपळ पुरत नाही. ज्यात डोकं लागतं, कट करता येतो, नियमावरून वाद घालता येतो, असा खेळ हवा. मी त्यांना मूकाभिनय दिला, पण विषय गल्लीतले: पानवाला, वाट अडवून बसलेला सांड, भाव करणारी जाऊबाई. डोळे बांधून नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायला लावलं. आणि हातांची गाठ. त्यात सगळ्यांनी गोल उभं राहून समोरच्या दोघांचे एकेक हात धरायचे. गुंता होतो. मग हात न सोडता, कोणाच्या खालून, कोणावरून पाय टाकून तो गुंता सोडवून पुन्हा गोल करायचा. बारा वर्षांची मुलं त्यात सरदारासारखी हुकूम सोडतात आणि सगळ्यांचे हुकूम वेगळे असतात. तो गोंधळ ऐकून शेजारच्या घरातली माणसं खिडकीत यायची.

वेदपाठशाळेची मुलं आली ती त्या आवाजानेच.

पाठशाळा रामघाटाकडे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथली मुलं महाराष्ट्रातून येतात. बीड, परभणी, नांदेड. आठ-दहा वर्षांचं असताना आईबाप आणून सोडतात आणि वेदाची संहिता पाठ होईपर्यंत मुलं इथेच. धोतर, उपरणं, शेंडी. पहाटे नदीवर, मग दिवसभर पाठ. आमच्या गल्लीतून ती रांगेने जायची आणि आमची मुलं त्यांच्याकडे रेल्वेच्या डब्याकडे बघावं तशी बघायची. एकाच वयाची, एकाच भाषेची मुलं, पण बोलणं कधी नाही.

त्या दिवशी त्यातली दोन मुलं फाटकात थांबली. आतमध्ये आम्ही चुन्याने आट्यापाट्यांचं मैदान आखत होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते नीट आठवत नव्हतं. आडव्या पाट्या ओढल्या होत्या, मधली उभी सूरपाटी कुठून सुरू करायची यावर अडले होते. दोघांतला एक, उंच, काळासावळा, तेरा-चौदाचा, न राहवून म्हणाला, "काकू, पार पहिल्या पाटीपासून ओढा ना ती. आमच्याकडं तशीच ओढतेत."

"खेळलायस?"

"गावाकडं. लई."

"ये मग."

त्याने रस्त्याकडे बघितलं आणि मान हलवली. "गुरुजी रागावतील."

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे गेले. साठीचे, शांत गृहस्थ, पानाची चंची जवळ ठेवून ओसरीवर बसलेले. मी विचारलं, मुलांना रविवारी तासभर पाठवाल का. ते हसले. "ताई, रविवार आम्हाला लागू नाही. आमची सुट्टी प्रतिपदेला आणि अष्टमीला. त्या दिवशी अनध्याय, पाठ बंद."

"मग आम्ही प्रतिपदेला खेळू," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. चंची उघडली, बंद केली. "मीही आट्यापाट्या खेळलोय लहानपणी," म्हणाले. "सूरपाटीवर मला कोणी चुकवत नसे. पाठवतो. पण दिवेलागणीच्या आत परत."

अशी सुरुवात झाली. आणि एक गंमत अशी की कॉन्व्हेंटात जाणारी आमची मुलं, ज्यांना एकादशीसुद्धा आजीने साबुदाणा केला की कळायची, ती आता घराघरांत विचारू लागली, "प्रतिपदा कब है?" माझी मुलगी फोनमध्ये पंचांग बघायची. अष्टमी परीक्षेच्या दिवशी आली की सगळ्या मोहल्ल्यात सुतक.

पाठशाळेतली पाच-सहा मुलं यायची. धोतर कासोट्याला घट्ट खोचून आट्यापाट्या खेळायची ती अशी की बघत राहावं. परभणीचा तो उंच मुलगा तर हरणासारखा. पाटीवरचा गडी डावीकडे झुकला की हा उजवीकडून कधी निसटला ते कळायचं नाही. सगळ्या पाट्या ओलांडून परत फिरला की "लोण!" म्हणून अशी आरोळी द्यायचा की जाळीवर बसलेली माकडं उठून जायची. आणि त्या मुलांना आमच्या मुलांकडून काय मिळालं? शिव्या मिळाल्या, हिंदीतल्या, सौम्य. आणि हसणं. पाठशाळेतली मुलं पहिल्या दिवशी तोंडावर हात ठेवून हसायची. दोन महिन्यांनी हात गेला.

आमची मुलं मराठी बोलायला लागली. माझ्या सासूबाईंना, माझ्या नवऱ्याला, गल्लीतल्या प्रत्येक मराठी घराला जे जमलं नव्हतं ते झालं. कारण आट्यापाट्यांत ओरडायचं तर परभणीच्या भाषेत ओरडावं लागे. माझी मुलगी घरी येऊन म्हणायची, "आई, मी आज लई पळाले." बनारसी घरात तो "लई" ऐकून सासूबाई कपाळाला हात लावायच्या, पण गालात हसायच्या.

सगळे येऊन बघायचे. चुलत सासरे यायचे, बाकावर बसायचे, "वा, वा" म्हणायचे. माझी थोरली जाऊ सरबत घेऊन यायची. गुरुजी स्वतः दोनदा-तीनदा आले. एकदा तर आमची एक पाटी वाकडी आहे म्हणून त्यांनी पायाने पुसून दुसरी ओढली.

ही सगळी माणसं तिथे होती. हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण पुढे प्रत्येकजण जणू आपण नव्हतोच असं वागला.

ती अष्टमी होती. आट्यापाट्या खेळून मुलं दमली, म्हणून मी हातांची गाठ लावली. पंधरा-सोळा जणांची गाठ म्हणजे मोठाच गुंता. सगळे सुटत गेले, शेवटी माझी मुलगी आणि परभणीचा मुलगा असे अडकले की त्याला तिच्या हाताखालून उलटं निघायला लागलं. तो वाकला, वळला, आणि त्याची शेंडी सुटून तिच्या तोंडावर आली. ती ओरडली, "अरे, तुझी शेंडी! थू थू!" तो इतका हसला की खाली बसला, आणि हात धरलेले असल्यामुळे त्याच्यासोबत अर्धी गाठ खाली बसली. सगळं अंगण हसलं. मीही पोट धरून हसले. जाऊबाई फोनवर व्हिडिओ घेत होत्या.

तो व्हिडिओ त्यांनी बनारसच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या गल्लीतली धमाल." पुढे हृदयाची चित्रं. संध्याकाळभर सगळ्यांनी अंगठे दाखवले.

ग्रुपवरून तो कुठे कुठे गेला, कोणी पाठवला, मला माहीत नाही. पाठशाळेला पुण्याकडून मदत करणारी काही घरं आहेत, त्यांतल्या एकाकडे तो पोचला. तिथून गुरुजींना फोन आला. आमच्या पैशावर तुम्ही ब्रह्मचारी मुलांना मोठ्या मुलींचे हात धरायला शिकवता का, असं काहीसं विचारलं म्हणे. दोन दिवसांत समितीतल्या एकाने चुलत सासऱ्यांना गाठलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला धर्मशाळेत बोलावणं आलं. मला आणि नवऱ्याला.

त्याच अंगणात सतरंजी घातली होती. चुलत सासरे, समितीतले तिघे, गुरुजी. जाऊबाई आणि आणखी दोन बायका दाराशी. जाऊबाईंनी व्हिडिओ पुसून टाकला होता आणि सगळ्यांना सांगितलं होतं, "मी तर कौतुकानेच टाकला हो."

चुलत सासरे म्हणाले, "हे बघ सूनबाई, कोणाचा दोष आहे असं आम्ही म्हणत नाही."

मी म्हटलं, "मग बोलावलंत कशाला?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

समितीतले एकजण म्हणाले, "मुलं लहान राहिली नाहीत वहिनी. तेरा-चौदा म्हणजे काय लहान? लोक बोलतात."

"कोण बोलतात?"

"लोक."

गुरुजी तोवर खाली बघत होते. मग म्हणाले, "ताई, खेळाला मी परवानगी दिली होती. पण मुली मुलांचे हात धरतात, असा काही खेळ असतो हे मला ठाऊक नव्हतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या अष्टमीला ते बाकावर बसले होते. चुलत सासऱ्यांच्या शेजारी. मी त्यांना पाणी दिलं होतं.

"गुरुजी," मी म्हटलं, "त्या व्हिडिओत शेवटी जो मोठ्याने हसण्याचा आवाज येतो, तो तुमचा आहे."

जाळीवर एक माकड इकडून तिकडे गेलं, त्याचा खडखडाट झाला. गुरुजींचे कान लाल झाले. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, हो, आम्ही होतो तिथे, आम्हीही हसलो. नवऱ्याने तरी म्हणावं. ते म्हणाले, पण मला.

"बास झालं आता. घरी चल."

घरी जाताना बोळात मी त्यांना विचारलं, "तुम्ही गप्प का बसलात?"

"मला या गल्लीत राहायचं आहे," ते म्हणाले. "तुझं माहेर सांगलीला आहे. माझं सगळं इथे आहे."

वीस वर्षं मी ज्या गल्लीत राहिले, तिथे मी पाहुणी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

निर्णय असा झाला की अंगणाची किल्ली समितीकडे राहील. पाठशाळेच्या मुलांनी प्रायश्चित्त म्हणून गायत्रीचा जप करावा. आणि परभणीच्या मुलाला घरी पाठवावं. का त्यालाच, असं मी चुलत सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "व्हिडिओत तो ठळक दिसतो ना. पुण्याच्या मंडळींना काहीतरी कळवायला हवं." इतक्या सरळपणे सांगितलं त्यांनी. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

चार-पाच दिवसांनी त्याचे वडील आले. गावाकडे पूजाअर्चा करणारे गृहस्थ, जनरल डब्यातून प्रवास करून आलेले, शर्टाची कॉलर घामाने काळी. मुलाला घेऊन ते स्टेशनवर जायच्या आधी आमच्या दारात आले. दुपार होती, मी पोळ्या करत होते. दार उघडलं तर बाप हात जोडून उभा, मागे मुलगा. त्याच्या हातात पत्र्याची पेटी.

"ताई," ते म्हणाले, "लेकराकडून चूक झाली. तुमच्या घराला बोल लागला. माफ करा."

मी म्हटलं, "अहो, त्याने काही केलं नाही. तो खेळ होता. मी खेळवत होते. चूक असेल तर माझी म्हणा."

"तुम्ही मोठ्या मनाच्या, म्हणून म्हणायलात," ते म्हणाले. मी जे जे बोलले ते त्यांनी तसंच घेतलं. मोठ्या घरच्या बाईचा चांगुलपणा म्हणून. त्यांना खात्री होती की एवढी जाणती माणसं, गुरुजी, समिती, पुण्याचे लोक, सगळे म्हणतात म्हणजे आपल्या मुलाने काहीतरी केलंच असणार. "पाच वर्षं झाली त्याला इथं. आणखी थोडी राहिला असता तर संहिता पुरी झाली असती. माझं झालं नाही, त्याचं व्हावं वाटत होतं. नशीब."

मग मुलाकडे वळून म्हणाले, "पाया पड काकूंच्या."

मुलगा वाकला. मी त्याला मधेच धरलं, तर बापाने हात लावून त्याला पुन्हा वाकवलं.

माझी मुलगी आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. पांढरीफटक झाली होती. म्हणाली, "काका, त्याने काही गलत नाही केलं. आईला विचारा. सब लोग थे वहाँ. सगळे होते."

त्या गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं नाही. नजर उंबऱ्यावर ठेवून त्यांनी पुन्हा हात जोडले आणि मुलाचं मनगट धरलं. मुलानेही बघितलं नाही. त्या दोन महिन्यांत अंगणभर नाचणारा मुलगा, आता त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पोळी तव्यावर जळाल्याचा वास येत होता. मी म्हटलं, "जेवून जा." ते म्हणाले, "गाडीची वेळ झाली." मी धावत आत जाऊन दशमीसारखं काही बांधून आणेपर्यंत ते बोळाच्या वळणावर गेले होते. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

मुलगी संध्याकाळी बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही बोलले का नाही?"

"तू लहान आहेस."

"उस दिन तो सब बोले मोठी झाली. आज लहान?"

त्यांनी पेपर उघडला. ती बराच वेळ पेपरासमोर उभी होती. मग गेली. त्यानंतर ती बापाशी कामापुरतं बोलते. हो, नाही, दार लावून घेते, एवढंच. नवरा वाईट माणूस नाही. पण तो पेपर त्यांनी खाली ठेवायला हवा होता, असं मला अजून वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही आहे.

गल्लीने आम्हाला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं आता कोणी करत नाही. सगळे गोडच बोलायचे. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं. फक्त माझी मुलगी आली की बायका तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघायच्या. जाऊबाई कोणाला तरी सांगत होत्या, मी जिन्यावर होते, मला स्पष्ट ऐकू आलं, "मुलगी मोठी झाली, आईनं बघायला नको का? हिलाच हौस फार." मी खाली उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, "अगं, चहा घेतेस?"

बाकीची मुलं परत छतावर गेली. काही दिवस माझ्या मुलीला मेसेज यायचे, "कब खेलेंगे?" मग ते थांबले. तिने शाळेच्या खो-खोच्या संघातून नाव काढून घेतलं. मी विचारलं तर म्हणाली, "मन नाही." दहावी झाल्यावर तिने स्वतःच माझ्या भावाला फोन केला आणि सांगलीला कॉलेजात जायचं ठरवलं. नवरा म्हणाले, "इथे काय कमी आहे?" ती म्हणाली, "काहीच नाही," आणि बॅग भरली.

ती गेली त्याच वर्षी समितीचे एकजण घरी आले. धर्मशाळेची डागडुजी झाली होती, पुण्याची मंडळी पाहायला येणार होती. त्यांच्यासमोर "आपले पारंपरिक खेळ" असा कार्यक्रम करायचा होता. मोठ्या मुलांचा. व्यासपीठावर. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे.

"वहिनी, तुमच्याइतकं यातलं कोणाला कळतं?" ते म्हणाले. "तुम्हीच बसवून द्या."

मी म्हटलं, "मला जमणार नाही."

"का हो?"

त्यांनी हे इतक्या निर्मळ तोंडाने विचारलं की मला वाटलं, हा माणूस खरंच विसरला आहे. आणि ते जास्त वाईट होतं. मनात ठेवून आला असता तर निदान भांडता आलं असतं. मी म्हटलं, "कारण मागच्या वेळी तुम्ही एका मुलाचं शिक्षण मोडलंत, आणि माझी मुलगी घर सोडून गेली."

ते कसनुसं हसले. "तुम्ही अजून ते धरून बसलात?" म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

कार्यक्रम झाला. दुसऱ्याच कोणी बसवला. मी गेले नाही, पण ग्रुपवर फोटो आले. भगव्या फेट्यातली मुलं एका ओळीत, नऊवारीतल्या मुली दुसऱ्या ओळीत, फुगडीचा पवित्रा घेऊन कॅमेऱ्याकडे बघताहेत. कोणी धावताना दिसत नव्हतं. कोणाचा घाम दिसत नव्हता. नवऱ्याने अंगठा दाखवला होता. मी ग्रुप सोडला.

यंदा कार्तिकात मी भोसले घाटावर गेले होते. स्नानाला नाही, नुसतीच, ऊन खायला. गुरुजी पायऱ्यांवर बसले होते. थकले होते, काठी शेजारी. मला बघून त्यांनी हाक मारली. मी गेले. नमस्कार केला, वयाला करायचा तेवढा.

मुलीची चौकशी केली त्यांनी. मी सांगितलं, बरी आहे. सुट्टीत येत नाही.

मग मीच विचारलं, "परभणीचा मुलगा काय करतो?"

"तालुक्याला मोबाईलच्या दुकानात आहे म्हणतात," ते म्हणाले. "कंठ फार चांगला होता त्याचा. त्याच्यासारखा विद्यार्थी मला नंतर मिळाला नाही. राहिला असता तर घनपाठी झाला असता, आमच्यातली सगळ्यात वरची पायरी."

"मग ठेवायचं होतंत."

"माझ्या हातात नव्हतं, ताई. पाठशाळा चालवायची होती. बाकीची मुलं होती."

एक नाव प्रवासी घेऊन खालून गेली, तिचं इंजिन फटफटत होतं.

"तुमचा राग गेलेला नाही," गुरुजी म्हणाले. मी नाही नाही म्हणेन, असं त्यांना वाटलं असावं. म्हाताऱ्या माणसांना आपण तसंच म्हणतो.

"नाही गेला," मी म्हटलं. "तुमच्यावरचाही नाही."

त्यांनी मान हलवली. मी पायऱ्या चढून वर आले आणि भाजी घ्यायला गेले.